बारीक आवाज

गाडी चालूच होती आणि त्याने पुन्हा किल्ली फिरवली. मनगटातून कोपरापर्यंत एक खरखरीत झिणझिणी गेली, आणि हात मागे घेईपर्यंत स्टार्टरचे दात फिरत्या चक्राच्या दातांवर घासून झाले होते. आवाज झाला असणार, अंगावर काटा आणणारा, हे त्याला माहीत होतं, कारण पूर्वी दुसऱ्या कुणी असं केलं की त्याचे स्वतःचे दात आंबायचे. आता त्याला ऐकू आलं ते एवढंच, की लांब कुठेतरी कुणी पत्रा ओढत नेतोय. बाकीचा आवाज त्याला समोरच्यांच्या चेहऱ्यांवर दिसला. गॅरेजचा हिशेब बघणारा मेव्हणा टेबलामागून अर्धा उठला होता, तोंड उघडं. दाराजवळच्या बाकावर बसलेल्या नर्सबाईंनी खांदे कानांपर्यंत आखडून घेतले होते आणि ते अजून खाली आले नव्हते. तो खिडकीतून आत वाकलेलाच राहिला, किल्लीवर हात तसाच ठेवून. मग सावकाश बाहेर आला, फडक्याला हात पुसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, ''स्टार्टर तपासत होतो.'' असं खोटं आपल्याला इतक्या पटकन सुचतं, याची त्याला स्वतःलाच भीती वाटली. चालू गाडीवर स्टार्टर कुणी तपासत नाही. मेव्हण्याला ते कळायला हवं होतं, कळलंही असेल, पण तो खाली बसला आणि फोनमध्ये बघू लागला.

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी थट्टेत म्हटलं आणि ते चिकटलं, इतकं की नवी गिऱ्हाइकं दारात येऊन विचारत, कानसेन इथेच बसतात का. बोनेट उघडण्याआधीच तो दोष सांगायचा. गाडी कोपऱ्यावरून वळली की इथे बसल्या बसल्या म्हणायचा, तिसऱ्या नंबरचा प्लग गेलाय, किंवा याची एक झडप घट्ट बसत नाही. एकदा एका माणसाने परगावाहून फोन केला होता, रडकुंडीला येऊन, तर त्याने फोन इंजिनाजवळ धरायला लावला आणि कुठली नळी सुटलीय ते सांगितलं. लोक ते किस्से सांगत आणि तो मान खाली घालून काम करत राही, पण आतून फुगत असे. ज्याच्याकडे तो हे काम शिकला, तो म्हातारा कारागीर म्हणायचा, हातांना काय अक्कल असते, कान दाखवील तिथे जायचं. त्याने तेच केलं. पायरी पायरीने, एकेक गोष्ट बाद करत दोष शोधायचा असतो, हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. कान बोट दाखवत, हात तिथे जात. आणि आता दोन वर्षं हात उघड्या इंजिनावर आंधळ्यासारखे फिरत होते आणि त्यांना कुणी काही सांगत नव्हतं.

ही गाडी पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा आली. जुनी, चौकोनी, नर्सबाईंच्या यजमानांनी घेतलेली. ते गेल्यावर बाईंनी ती विकली नाही. बाई घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं देत, जखमा धूत, कूस बदलायला शिकवत, आणि दिवसाकाठी आठ-दहा घरं करायची तर गाडीशिवाय भागत नव्हतं. गाडी वेगात असली की ठीक, थांबली की अंगात हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची, आणि कधी कधी बंद पडायची. बाई त्या दिवशी इथेच, या बोनेटपाशी उभं राहून बरंच काही बोलल्या होत्या. त्यांचा आवाज हळू. आजारी माणूस झोपलेल्या खोल्यांतून आयुष्य काढलेलं, जोरात बोलायची सवयच नाही. त्याने त्यांच्या ओठांकडे बघत, जिथे वाक्य संपल्यासारखं वाटलं तिथे मान डोलावली. हो, हो. बघतो. मग प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून धुतला, पॉइंट घासले, आणि शेवटी आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू अर्धा आटा वर दिला. थरथर थांबली. निदान बोनेटवर ठेवलेल्या तळव्याला तरी ती थांबल्यासारखी वाटली. एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, घेऊन जा, अगदी घड्याळासारखी चालतेय. स्क्रू वर देणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून नुसता ताप उतरवणं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

काल गाडी दोरीने ओढत आणली. रेल्वेच्या फाटकात बंद पडली होती. पुढे एक सायकलवाला अडखळला म्हणून बाईंनी ब्रेक दाबला, आणि गाडी रुळांवरच गप्प झाली. मागच्या सीटवर नात, सहा वर्षांची, शाळेतून घरी निघालेली. बाई किल्ली फिरवत राहिल्या. घंटा सुरू झाली, फाटकाचे दांडे खाली यायला लागले, आणि मग फाटकवाला आणि भाजी घेऊन चाललेल्या दोघा-तिघांनी ढकलून गाडी पलीकडे काढली. हे त्याला मेव्हण्याने सांगितलं, हातवारे करून, दोनदा. बाईंनी स्वतः काहीच सांगितलं नाही. त्या आज सकाळी बसने आल्या, बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या असाव्यात, की आज मी इथून हलणार नाही. तसं त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं. तो दांडा त्याने पाहिलेला नव्हता, पण कालपासून तो त्याच्या डोळ्यांपुढे खाली येत होता. चहा पिताना, चपला घालताना. लाल-पांढरा, सावकाश, आणि खाली एक छोटं डोकं मागच्या काचेला चिकटलेलं.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इंजिन तापू दिलं. तापलं तशी थरथर आली, बोनेटची कड बोटांखाली बारीक नाचायला लागली. त्याने एक हात मडगार्डवर पसरून ठेवला आणि दुसऱ्याने प्लगची पहिली वायर काढली. गाडी अडखळली. बसवली. दुसरी काढली, तशीच अडखळली. तिसरी, चौथी. चारही सारखी. म्हणजे चारही पिस्टन काम करतात, दोष एकाचा नाही. पूर्वी हे कळायला वायर काढावी लागली नसती. त्याने बाटलीने इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यांवर पाणी शिंपडलं. कुठे फट असली तर पाणी आत ओढलं जातं आणि चाल बदलते. पाणी नुसतं वाफ होऊन गेलं. त्याने मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबून धरली. हे तो हल्ली करायचा, कुणी बघत नसलं तर. हाडातून धपधप यायची, जड, भिंतीपलीकडे कुणी उखळात कांडतंय तशी. तिच्यावर पूर्वी जे सगळं असायचं, सरसर, टिकटिक, फुसफुस, ज्यावरून एक इंजिन दुसऱ्यापासून ओळखू यायचं, ते काहीच नव्हतं. त्याने मूठ आणखी दाबली. हाड दुखलं. त्याने जागा बदलली, परत दाबली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला आणि त्याला एकदम वाटलं की आपण या लोखंडापुढे डोकं आपटतोय, आणि बाकावरून त्या बाई ते बघताहेत.

कानाच्या डॉक्टरकडे तो एकदाच गेला होता, घरी न सांगता. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या चढवल्या, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. पहिले काही आवाज आले, भोंग्यासारखे, जाड. मग बराच वेळ काहीच नाही, आणि त्याच्या लक्षात आलं की समोरच्या काचेत तपासणाऱ्या मुलीच्या हाताची सावली पडतेय. हात हलला की तो बटण दाबायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कॉपी करणाऱ्या पोराची छाती कशी धडधडते तशी त्याची धडधडत होती. त्या मुलीने दोन मिनिटांनी उठून, काही न बोलता, त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. नंतर डॉक्टरांनी कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे जिन्यावरून घसरल्यासारखी खाली गेली होती. जड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, डॉक्टरांनी कागदावर लिहूनच सांगितलं. स, श, फ. बायकांचे आवाज, मुलांचे आवाज. आयुष्यभर इंजिनं, हातोडा, कॉम्प्रेसर, दुसरं काय होणार. यंत्र लावा, थोडा उपयोग होईल, गेलेलं परत येणार नाही. त्याने कागदाची घडी केली, आणखी घडी केली, आणि रस्त्याच्या कडेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. कानसेनच्या कानात यंत्र बघितल्यावर कोण येणार होतं त्याच्या दारात? घरी नळ चालू राहायचा आणि टाकी रिकामी व्हायची. मुलगी फोनवर काहीतरी सांगायची आणि तो म्हणायचा, छान, छान, आणि पलीकडे शांतता पसरायची. एकदा त्या शांततेनंतर बायकोने फोन हातातून घेतला होता. मुलीने नोकरी गेल्याचं सांगितलं होतं.

अकरा वाजले, बारा वाजले. कार्बोरेटर दुसऱ्यांदा उघडला. काही नव्हतं, पंधरा दिवसांपूर्वी त्यानेच धुतलेला, लख्ख. एक बारीकशी स्प्रिंग बोटांतून निसटली. पूर्वी फरशीवर पडलेली स्प्रिंग कुठे घरंगळली ते तो न बघता सांगे. आता तो गुडघ्यांवर बसून गाडीखाली हात फिरवत राहिला, तेलात, धुळीत, आणि ती सापडेना. तिथे गाडीखाली, कुणाला चेहरा दिसत नव्हता अशा जागी, त्याला रडू फुटलं. फार नाही. नाकातून दोन हुंदके. ते मोठ्याने आले की हळू, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि त्या विचारानेच ते थांबले. उद्यापासून दुकान बंद करावं. मेव्हण्याला सांगावं, पाठ धरलीय. पाठ धरणं बरं असतं, मानाचं असतं. पण ही गाडी कुणाला द्यायची? अशी गाडी उघडणारे आता उरलेत किती? आणि ती अशीच परत गेली, आणि बाई पुन्हा त्या फाटकातून गेल्या, तर?

स्प्रिंग मागच्या चाकाला टेकून पडली होती. तो उठला तेव्हा समोर नर्सबाई उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. त्याची मान आपोआप हलली. बाईंनी ते पाहिलं. मग त्या एक पाऊल पुढे आल्या, त्याच्या अगदी समोर, आणि मेव्हण्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ''मी आत्ता काय विचारलं?''

तो फडक्याने हात पुसत राहिला.

''मिस्त्री, मी काय विचारलं तुम्हाला?''

''गाडी कधी होईल ते.''

''तुम्ही काही खाल्लंत का, असं विचारलं.'' बाई त्याच्या डोळ्यांत बघत होत्या, बुबुळं तपासतात तशा. ''आणि तुम्ही मान डोलावलीत. त्या दिवशीही डोलावली होतीत. मी तेव्हाच सांगितलं होतं की ब्रेक दाबला की पायाशी काहीतरी सुसकारतं, आणि ब्रेक जड लागतो. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बघतो.''

ब्रेक.  तो पंधरा दिवसांपूर्वी ही गाडी स्वतः चालवून आला होता. कोपऱ्यावर ब्रेक दाबला होता, सिग्नलला दाबला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्या पायापाशी ती सुसकारत होती; ब्रेकचा जडपणा त्याने गाडीच्या वयावर ढकलला होता. गाडीने सांगितलं होतं. बाईंनी सांगितलं होतं. दोघींनी सांगितलं होतं, आणि तो घड्याळासारखी चालतेय म्हणाला होता. डोळ्यांपुढचा दांडा खाली येता येता थांबला, आणि मागच्या काचेतलं छोटं डोकं वळून त्याच्याकडे बघायला लागलं.

''मला ऐकू येत नाही,'' तो म्हणाला. हे शब्द त्याने कधी एकट्यानेही उच्चारले नव्हते. ''दोन वर्षं झाली. तुमचं बोलणं मला ऐकूच आलं नव्हतं.''

मेव्हणा टेबलामागे उभा राहिला.  बाईंचा चेहरा बदलला, आणि तो कीव येऊन मऊ होईल असं त्याला वाटलं होतं, तसा तो झाला नाही.

''माझी नात होती गाडीत,'' त्या म्हणाल्या. त्याला प्रत्येक शब्द ऐकू येईल इतक्या जोरात. ''रात्री तीनदा दचकून उठली. ऐकू येत नाही यात लाज कसली हो? माझे निम्मे पेशंट बहिरे आहेत. पण ऐकलं असं दाखवायचं? पेशंट गोळ्या उशीखाली लपवतात आणि मला सांगतात, घेतल्या. त्यात मरतात ते स्वतः. तुम्ही दुसऱ्याच्या जिवावर लपवलंत.''

  बाईंनी पिशवी बाकावर ठेवली, बाह्या सारल्या. ''आता काय करायचं ते सांगा. मला ऐकू येतं.''

त्या चालकाच्या जागी बसल्या. त्याने गाडी चालू केली आणि हाताने खूण केली. बाईंनी ब्रेक दाबला. बोनेटची कड त्याच्या तळव्याखाली उडाली, इंजिन गुदमरलं, मरता मरता राहिलं. ''येतोय,'' बाई खिडकीतून वाकून ओरडल्या. ''पाय दाबला की येतो. कुणी दातांतून हवा आत ओढतंय तसा. सोडला की कमी होतो, पण पूर्ण जात नाही.'' त्याने ओला हात पेडलच्या वरच्या बाजूला, पेडलचा दांडा जिथे इंजिनाच्या बाजूच्या पत्र्यात शिरतो तिथे नेला. ओल्या कातडीला गार लागलं. हवा आत जात होती. मग तो पुढे आला, मॅनिफोल्डपासून ब्रेकच्या बूस्टरकडे, पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याकडे, जाणारी रबरी नळी त्याने पक्कडीत धरली आणि आवळली. आणि गाडी शांत झाली. सकाळपासून नाचणारी कड एकदम लाकडासारखी स्थिर झाली. पक्कड सोडली, थरथर. आवळली, शांत. त्याने असं पाच-सहा वेळा केलं. खरं म्हणजे एकदाच पुरेसं होतं.

''पडदा फाटलाय,'' तो मेव्हण्याला म्हणाला. ''बूस्टरच्या आतला. तिथून हवा जातेय. ब्रेक दाबला की जास्त. नवा बूस्टर आण. जुन्या बाजारातल्या त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल.'' मेव्हणा किल्ल्या घेऊन निघाला, दारापर्यंत गेला, परत आला. ''भावोजी,'' तो त्याच्या तोंडासमोर येऊन, तोंड फाडून म्हणाला, ''मला तरी सांगायचं होतंत!''  मेव्हणा येईपर्यंत त्याने जुना बूस्टर सोडवला. पेडलखाली पाठीवर पडून, बोटांनी एकेक नट चाचपत. बाई बाजूला उजेड धरून बसल्या होत्या. त्यांनी उजेड धरला होता, पण त्यांनी त्याला माफ केलं नव्हतं, हे त्याला हातातल्या बूस्टरच्या पोलादी तबकडीइतकं स्पष्ट जाणवत होतं. नवा बसवला, नळी बदलली, वर दिलेला स्क्रू परत खाली आणला, जिथे तो असायला हवा होता तिथे. तीन वाजता गाडी चालू केली. बाईंनी ब्रेक दाबला, सोडला, दाबला. कड हलली नाही. त्याने बाईंकडे बघितलं.

''नाही येत,'' त्या म्हणाल्या. ''काहीसुद्धा आवाज नाही.''

त्याला ते विश्वासावर घ्यावं लागलं. तीस वर्षांत पहिल्यांदा गाडी बरी झाली आहे हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, आणि आतून काही भरून आलं नाही. दुसऱ्याने दाखवलेल्या जागी औषध लावून झाल्यावर हात धुवावेत तसं वाटलं. बाई गाडी घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, ''त्या फाटकातून मी आता काही दिवस जाणार नाही. लांबून जाईन. पण गाडी तुमच्याकडेच आणीन. मागच्या वेळी बोलले तेवढं पुन्हा नाही बोलणार, कागदावर लिहून देईन.'' ही दया होती की शिक्षा, ते त्याला ठरवता आलं नाही.

तो चार वाजताच घरी गेला. या वेळी तो घरी कधीच येत नसे, त्यामुळे बायको शिलाईच्या मशीनवरून घाबरून उठली. ''काय झालं? बरं नाही का?'' तिच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. त्याने चपला काढल्या, खुर्चीवर बसला आणि सांगितलं. फाटक, नात, बूस्टर, डॉक्टरांचा कागद, काचेतली सावली, सगळं. मुलीच्या फोनबद्दल सांगताना तो थांबला, मग तेही सांगितलं. बायको मशीनच्या कडेला टेकून ऐकत राहिली. तिला आश्चर्य वाटेल, ती रागावेल, हात धरेल, यातलं काहीच झालं नाही.

''मला माहीत आहे,'' ती म्हणाली. ''दोन वर्षं ओरडून बोलतेय मी तुमच्याशी. शेजारीण विचारते, तुमची रोज भांडणं होतात का हो. माझा घसा बसतो संध्याकाळपर्यंत. मुलीलाही मीच सांगितलं, बाबांवर चिडू नकोस.''

''मग मला का नाही सांगितलंस?''

''कशी सांगणार? तुम्ही कानसेन.''

ती त्याच्या समोर पाटावर येऊन बसली.  बाहेर रस्त्यावर काहीतरी जड वाहन गेलं असावं, खुर्चीच्या पायांतून ते त्याच्या तळव्यांना लागलं. मग तिने गळ्यावरून हात फिरवला, एकदा खाकरली.

''उद्या ते यंत्र आणायला जाऊ,'' ती म्हणाली. ''आत्ता मी जरा माझ्या आवाजात बोलू का? थोडा वेळ?''

त्याने हो म्हटलं.

आणि ती बोलायला लागली. घाई न करता, मध्येच खिडकीकडे बघत, मध्येच हसत, एकदा डोळे पुसत. मानेच्या शिरा हळूहळू कातडीत मावळत गेल्या आणि तिचा चेहरा त्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतल्यासारखा दिसायला लागला. ती काय सांगतेय, त्यातला एक शब्दही त्याला कळत नव्हता. तो मान न हलवता, खुर्ची थोडी पुढे ओढून, ती थांबेपर्यंत बघत राहिला.